आखडलेलं पितळ

माझा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत घमेल्यात होता. घमेल्यात मिठाचं पाणी, आणि पाण्यात टाकलेली ती पांढरी भुकटी. पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं, वर धूर येत होता, आणि आत असला गारठा की हाड तडकतंय असं वाटावं. मी जमिनीवर उकिडवी बसले होते. शिपायानं माझं कोपर दाबून धरलं होतं. दुसरा हात दुसऱ्यानं मागं धरलेला. पदर खांद्यावरून घसरला होता आणि तो वर घ्यायला मला हात नव्हता.

समोर खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. चहा पीत होते.

दिवाणजी म्हणाले, "अजून थोडा वेळ राहू दे. नीट आखडू दे."

एक पाहुणा म्हणाला, "हिला काय होतंय? म्हशीचं कातडं आहे." सगळे हसले. शिपाईसुद्धा हसला. तो आमच्याच बाजूच्या पाड्यावरचा होता.

प्रोफेसरसाहेब हसले नाहीत. त्यांच्या हातात घड्याळ होतं आणि ते घड्याळाकडं बघत होते. पाहुण्यांना समजावून सांगत होते, की गारठ्यानं प्रत्येक वस्तू आखडते. पितळ आखडतं, लोखंड आखडतं, लाकूड आखडतं. माणसाच्या हाताचं मांस त्याहून जास्त आखडतं. म्हणून हिच्या हातातलं कडं सैल होणार. असं सांगत होते, शांतपणे, शाळेत सांगावं तसं. माझ्या तोंडाकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.

मग हात बाहेर काढला. पांढरा पडला होता. माझा आहे की दुसऱ्या कुणाचा, कळत नव्हतं. त्यावर तेल ओतलं. शिपायानं अंगठा तळव्यात दाबला आणि दिवाणजीनं स्वतः कडं ओढलं. कातडं सोलत ते निघालं. ताटलीत पडलं तेव्हा केवढ्यानं वाजलं.

"निघालं," दिवाणजी म्हणाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा नवरा तेव्हा जिवंत होता.

हे तुम्हाला समजणार नाही, म्हणून सांगते. आमच्या पाड्यावर बाईच्या दोन्ही हातांत पितळेचं एकेक कडं असायचं. जाड, ओतीव, बिनसांध्याचं. लग्नात चढवायचे. मला धवलेरीनं, म्हणजे आमच्यात लग्न लावते त्या बाईनं, गाणी म्हणत म्हणत तेल लावून चढवलं होतं. तेव्हा माझा हात पोरीचा होता. पुढं हात भरला आणि कडं तिथंच बसलं. ते काढायचं नसतंच. नांगरणीत, लावणीत, बाळंतपणात, ते हातातच. फक्त नवरा मेला की म्हाताऱ्या बाया ओहोळावर नेतात आणि ठोकून, कापून, कसंही करून काढतात. रिकामा हात बघितला की विचारायचं काही राहत नाही. हात सांगतो.

तो हात घेऊन मी त्या बंगल्यातून बाहेर पडले.

बंगला जव्हारला, गावाच्या कडेला, जिथून शिरपामाळ समोर दिसतो. मुंबईच्या एका सेठचा. जामसरकडची आमची जमीनही त्याच सेठची होती. आमची म्हणजे, आम्ही कसत होतो. भात आमच्या घामाचं आणि बांध त्याचा. म्हणून बंगल्यावरून बोलावणं आलं की जायचं. वेठ म्हणायचे. वेठीला मजुरी नसते, आणि नाही म्हणायची सोयही नसते. राज्य राजाचं होतं, पण आमच्या पाड्याला राजा कधी दिसला नाही. आम्हाला दिसायचे ते सेठचे दिवाणजी.

त्या हिवाळ्यात सेठच्या ओळखीचे हे प्रोफेसर येऊन राहिले. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजात शिकवायचे. मुंबईत म्हणे गाड्यांनी आणि ट्रामांनी जमीन सारखी थरथरते, त्यांचं काम होत नाही. त्यांना हवी होती न हलणारी जागा. बंगल्याच्या तळाची दगडी खोली त्यांना पसंत पडली. माझं काम त्या खोलीत झाडणं, पाणी भरणं, पाट्यावर मीठ वाटणं. मी घरी आमची बोली बोलते. ही मराठी मी त्या बंगल्यात शिकले, बोलणी खाऊन.

खोलीत एक लांबडी पेटी होती. पेटीत एक कांब ठेवायचे, कधी लोखंडाची, कधी सागाची, कधी आपल्या काळ्या दगडाची. भोवती ती पांढरी भुकटी ठासायचे. ही भुकटी एका जाड लोखंडी नळकांड्यातून निघायची. तोंडाला कापडी पिशवी बांधून चावी फिरवली की फुस्स करून वारा यायचा आणि पिशवीत बर्फासारखं काही जमायचं. बर्फाहून कितीतरी गार. एकदा झाडताना बोट लागलं तर भाजल्यासारखा फोड आला. ते नळकांडं डहाणूच्या स्टेशनावरून गाडीनं आलं, आणि चढणीवर गाडी थकली तिथून माणसांच्या खांद्यावरून. त्यातला एक खांदा माझ्या नवऱ्याचा. वेठीचा. आठवडाभर त्याला मान वळवता येत नव्हती. मी रात्री शेकत होते आणि तो म्हणत होता, "आत काय हाय कुणास ठाव. मेलं डोंगराएवढं जड."

कांब गारठली की आखडते. पण किती? केसाएवढीही नाही. डोळ्याला दिसत नाही. म्हणून कांबेच्या टोकाला एक लहान आरसा टेकवलेला. दिव्याचा उजेड आरशावर पडून समोरच्या भिंतीवर ठिपका उमटायचा. भिंतीवर रेघा मारलेली पट्टी. कांब जराशी आखडली की आरसा कलतो आणि ठिपका पट्टीवरून सरकतो. साहेब लांबून दुर्बिणीतून बघायचे आणि लिहायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. अंधारात तो ठिपका मुंगीच्या चालीनं सरकायचा. मी कोपऱ्यात बसून बघायची.

जवळ मात्र जायचं नाही. साहेब म्हणायचे, "बाई, लांब बस. अंगाची ऊब लागते, ठिपका हलतो." ते स्वतःही लांबच बसायचे, हे खरं आहे. त्यांच्या मनात काळं होतं असं मी म्हणत नाही. पण मला लांब बस म्हणणारे ते पहिले नव्हते. विहिरीवर लांब, दुकानात लांब, बाजारात लांब. आता या पेटीपासूनही लांब. मी लांब बसायची.

आणि मग साहेबांच्या डोक्यात आलं की इथलं जुनं पितळ मोजायचं. बाजारातलं पितळ म्हणे फुटक्या भांड्यांचं, भेसळीचं. त्यांना हवं होतं जुनं, एकसंध, ओतीव. पाहुण्यांसमोर बोलता बोलता त्यांनी हे सांगितलं. मी चहाचे पेले उचलत होते. दिवाणजीनं माझ्या हाताकडं बोट दाखवलं. "हे काय, हिच्या हातात आहे की. अस्सल जुनं."

मी म्हटलं, "ते निघत नाय."

साहेब म्हणाले, "निघेल. त्याला उपाय आहे." त्यांना वाटलं, मी म्हणते हात मोठा आहे म्हणून निघत नाही.

मी दुसरं काही बोलले नाही. हे मला आजही खातं. एवढंच म्हणायचं होतं, की माझा नवरा जिवंत आहे. चार शब्द. पण समोर त्या खुर्च्या होत्या. नवऱ्याचं नाव त्या लोकांत काढायची लाज वाटली. आणि तोवर घमेलं आलं होतं.

घरी जाताना मी हात पदरात गुंडाळला. वाटेत दोघी भेटल्या, त्यांच्याशी न बोलता पुढं गेले. घरात सासू होती. तिला रात्री कमी दिसायचं, ते एक बरं झालं. मी भाकरी केली नाही, पोटात दुखतंय म्हणून पडून राहिले. नवरा घरी नव्हता. मोखाड्याकडं जंगलतोडीवर गेला होता, कुपावर.

सकाळी सासू नागली दळायला बसली. मला हाक मारली. जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा. मी विसरून उजवा हात पुढं केला.

तिनं जातं थांबवलं.

"कडं कुठं हाय?"

मी काय सांगणार? बाप्यांनी माझा हात धरला, पदर पडला, ते चहा पीत होते, हे सासूला कुठल्या तोंडानं सांगायचं? मला रडू फुटलं. नुसतं रडू.

आणि माझ्या रडण्याला तिनं उत्तर समजलं.

तिनं जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. पीठ उडालं. तिनं मुठीनं छाती बडवायला सुरुवात केली. "माझा पोर," म्हणाली, "माझा पोर गेला." तिला वाटलं, काल मला बंगल्यावर निरोप मिळाला, की कुपावर झाड अंगावर पडलं, किंवा वाघानं नेलं, आणि तिथंच कुणी माझं कडं काढलं. दुसरं तिला काय वाटणार? आमच्यात कडं निघायला दुसरं कारणच नाही.

बाया धावल्या. अंगण भरलं. मी आता ओरडून सांगत होते, "नाय, तो हाय, तो जिता हाय, बंगल्यात काढलं." कुणी ऐकेना. एक म्हातारी मला कुशीत दाबून म्हणत होती, रड बाई, रड, असं होतंच, डोकं फिरतं. मी जितकं म्हणावं तो जिवंत आहे, तितक्या त्या जास्त रडायच्या. मला वाटलं धरणीनं पोटात घ्यावं. जिवंत माणसाचं मी सुतक लावलं होतं, माझ्या रिकाम्या हातानं.

एकजण मोखाड्याच्या वाटेनं धावतही सुटला होता, माझ्या नवऱ्याच्या भावाला कळवायला. भाऊही तिथंच कुपावर होता.

दुपारपर्यंत सासूला पटलं. मी पायावर डोकं ठेवून सगळं सांगितलं तेव्हा. मला वाटलं होतं तिचा जीव भांड्यात पडेल. पडलाही असेल. पण ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "तो जिता असून काढू दिलंस?" आणि भिंतीकडं तोंड करून बसली. त्यापेक्षा तिनं मला मुसळानं हाणलं असतं तर बरं झालं असतं. बाया एकेक करून उठून गेल्या. आधी मला कुशीत घेणारी म्हातारी जाताना माझ्या सावलीला वळसा घालून गेली.

नवरा आला तो दुसऱ्या दिवशी, धापा टाकत. त्याला निरोप मिळाला होता, की घरात कुणी गेलं. कोण ते त्याला सांगायची कुणाची हिंमत झाली नव्हती, कारण गेलेला तोच होता आणि तोच समोर उभा होता. त्याला वाटलं आई गेली. रानातून, काट्यांतून आला होता, पाय रक्ताळले होते. सासूनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. नाक, कान, डोकं. पुन्हा पुन्हा. मी दारामागं उभी होते.

त्यानं माझा हात बघितला.

"कुणी काढलं?"

मी सांगितलं. तो सगळं ऐकून घेत होता. घमेलं, पांढरी भुकटी, धूर. त्या भुकटीचं सांगितलं तेव्हा त्याचा हात आपोआप मानेवर गेला, जिथं नळकांड्याच्या दांड्याचा वळ अजून होता.

"ते मीच वाहून नेलं," तो म्हणाला.

एवढंच. मला शिवी दिली नाही, मारलं नाही. ओट्यावर बसून राहिला. माझ्या नवऱ्यानं आपलं मरण स्वतःच्या खांद्यावर घाट चढवून नेलं होतं, फुकट. हे त्याला समजलं आणि मला समजलं. आम्ही एकमेकांकडं बघू शकत नव्हतो. लाज म्हणजे काय, तर ती. दोन माणसं एका घरात आणि दोघांची मान खाली.

त्या रात्री लाजेच्या खाली मला दुसरं काही सापडलं. राग. आधी मी तो ओळखलाच नाही, इतका नवा होता.

दुसऱ्या दिवशी मी जव्हारला गेले, कडं परत आणायला. आधी तांबटाकडं गेले. गावात एक मुसलमान चाचा होते, भांडी घडवायचे, आमच्या बायकांची कडी त्यांच्याच बापानं ओतलेली. कडं त्यांच्याकडं नेलं असणार असं मला वाटलंच होतं. त्यांनी मला बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि हातातली हातोडी खाली ठेवली.

"तुझं होतं?"

मी मान हलवली.

"मला सांगितलं, मेलेल्या बाईचं आहे," चाचा म्हणाले. "नाहीतर मी हात लावला नसता. अल्लाची शपथ."

त्यांनी ते एका जागी तोडून, तापवून सरळ केलं होतं. टोकं कापून, कानशीनं घासून, वीतभर कांब करून दिली होती. कापलेले दोन तुकडे त्यांच्याकडं पडले होते. ते त्यांनी माझ्या तळहातावर ठेवले. नखाएवढे होते. मी पदराच्या गाठीला बांधले. चाचांनी पाणी दिलं. मी ते प्याले आणि बंगल्यावर गेले.

पाहुणे होतेच. खोलीत अंधार केलेला. भिंतीवर ठिपका. पेटीत माझं कडं, वीतभर सरळ झालेलं, पांढऱ्या भुकटीत निजवलेलं.

साहेब खुशीत होते. मला बघून म्हणाले, "ये, ये. बघ, तुझं पितळ आखडतंय. छान काम देतंय." ठिपका सरकत होता. पाहुणे बघत होते. मीही बघितलं. दोन बोटं सरकला असेल. म्हणजे कांब केसाच्याही कितव्या भागाएवढी आखडली, देव जाणे. एवढ्यासाठी माझ्या सासूनं जिवंत पोरासाठी छाती पिटली होती.

मी म्हटलं, "माझं कडं द्या."

दिवाणजी म्हणाले, "कडं आता कुठंय? कांब झाली. नवीन घेऊन देऊ, याहून जाड. जा."

मी म्हटलं, "माझा दादला जिता हाय. ते जित्या माणसाचं हाय."

खोलीत कुणाला काही समजलं नाही. एक पाहुणा विचारू लागला, काय म्हणते ही? साहेबांनी मात्र दुर्बिणीवरून डोळा काढला. माझ्याकडं बघितलं, पहिल्यांदा. त्यांना बहुतेक समजलं. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस काही बोलेल.

बोलले. म्हणाले, "हे मला आधी सांगायला हवं होतंस. पण आता झालं ते झालं. आणि बाई, एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही. तुझ्या डाव्या हातातलंही लागेल. दोन्हीचे हवे तेवढे पैसे देववतो."

दिवाणजीनं शिपायाला खूण केली. घमेलं कोपऱ्यातच होतं.

"हात पुढं कर," दिवाणजी म्हणाले.

माझा हात हलला. खरं सांगते, डावा हात उठला. सवय. हात पुढं कर म्हटलं की करायचा, इतकी वर्षं तेच. उठलेला हात मी बघितला, त्यातलं कडं बघितलं, आणि तो मागं घेतला. दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नाय देत."

"जमीन कुणाची आहे, ठाऊक आहे ना?"

"जमीन तुमची. हात माझा हाय."

शिपाई पुढं आला. मी मागं सरले. मागं पेटी होती. आणि मला सुचलं असं म्हणणार नाही, माझे पाय मला तिकडं घेऊन गेले. मी पेटीला खेटून खाली बसले. मांडी घालून. इतकी जवळ, की माझा श्वास त्या आरशाला लागत होता. पेटीचा लोखंडी पाय मी दोन्ही हातांनी धरला.

भिंतीवरचा ठिपका थरथरला. मग परत फिरला. हळूहळू, उलट्या दिशेला.

"ऊठ तिथून," दिवाणजी ओरडले. शिपायानं माझ्या दंडाला हात घातला आणि ठिपका भिंतीवरून उडून छताला गेला.

"हात लावू नका तिला!" हे साहेब ओरडले. आवाज फाटला होता. "पेटीला धक्का लागेल. आरसा पडेल. सगळी मेहनत जाईल. कोणी हलू नका."

कोणी हललं नाही. शिपायानं हात काढला. दिवाणजी पाय उचललेल्या जागी थांबले. पाहुणे खुर्च्यांना चिकटले. त्या खोलीत त्या दिवशी मला हात लावायची कुणाची छाती नव्हती. माझ्यासाठी नाही. आरशासाठी. पण मी म्हटलं, चालेल.

साहेब विनवू लागले. "बाई, लांब बस. तुझ्या अंगाची ऊब लागतेय. नळकांड्यातलं शेवटचं संपलंय, आता पुन्हा भरता येणार नाही. लांब बस."

मी म्हटलं, "नाय."

मी बसून राहिले. पेटीतून धूर निघत होता, तो माझ्या पायावरून वाहत होता. थंडीनं गुडघे बधिर झाले. मी उठले नाही. कुणी दिवा मोठा केला, कुणी खिडकी उघडली, पाहुणे एकेक करून चपला न वाजवता निघून गेले. साहेब दुर्बिणीशी डोकं धरून बसले. ती भुकटी वितळत नाही, नुसती उडून जाते, ओलावाही ठेवत नाही. ती सगळी उडून जाईपर्यंत मी बसले. ठिपका सरकत सरकत मूळच्या रेघेवर परत आला. पितळ जेवढं आखडलं होतं तेवढं परत लांबलं. पितळाचं बरं, ते पुन्हा पहिल्यासारखं होतं.

मग मी पेटीत हात घातला आणि कांब उचलली. कुणी अडवलं नाही. दारातून बाहेर पडताना पळाले नाही.

लोकांना वाटतं इथं गोष्ट संपली आणि माझी लाज गेली. नाही गेली. सासू मरेपर्यंत माझ्या उजव्या हातचं पाणी प्यायली नाही, डाव्या हातानं द्यायचे. चाचा म्हणाले, तुकडे आणि कांब वितळवून पुन्हा कडं ओतून देतो. मी नको म्हटलं. ते चढवताना कोण गाणार होतं? उजवा हात रिकामाच ठेवला. नवरा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगला आणि मी अर्धी विधवा म्हणून बाजारात फिरले. बाया बोट दाखवायच्या. मला लाज वाटायची. आजही वाटते, हे बोलताना मी तो हात पदराखाली घेतला आहे, बघा.

पुढच्या हिवाळ्यात शिपाई पाड्यावर आला. डहाणूला नवं नळकांडं उतरलं आहे, माणसं चला. माझा नवरा उठला आणि त्यानं कोपऱ्यातला वाहायचा दांडा घेतला. माझा हात उठला होता ना, तसाच तो उठला. मी जाऊन दांड्यावर पाय ठेवला.

"बस खाली," मी म्हटलं.

तो बसला. त्याला बसलेला बघून शेजारचा बसला. मग त्याच्या शेजारचा. शिपाई म्हणाला, जमीन जाईल. कुणीतरी म्हणालं, जाऊ दे.

जमीन गेली. आमची आधी गेली. आम्ही मोखाड्याच्या बाजूला सरकलो, दगडांत नागली पेरली, कंद खाऊन दिवस काढले. आमच्यातली दोन पोरं दगावली. तेव्हा पुष्कळांनी मला शिव्या दिल्या, की हिच्या कड्यापायी. दिल्या तर दिल्या. मी ऐकून घेतल्या.

ती कांब माझ्या उशाशी आहे. नातवंडं विचारतात हे काय. मी सांगते. त्यांना सांगते की कुणी हात पुढं कर म्हटलं तर आधी तो पाठीमागं न्या, मग विचार करा. आणि कुणी लांब बस म्हटलं तर कशापासून लांब ठेवतात ते नीट बघून घ्या. बघितलं की तिथंच जाऊन बसा. मी आता म्हातारी झाले, पण अंगात ऊब आहे अजून. उद्या पुन्हा तसली पेटी कुणी आणली, तर मी चालत जाईन आणि तिला खेटून बसेन. उठणार नाही.